परका नव्हे, अझीझ

हिजरी ७३४ चा मोहरम लागला त्या दिवशी, म्हणजे इ.स. १३३३ च्या सप्टेंबर महिन्यात, सिंधू नदीच्या काठी परदेशी मुसाफिरांचा एक तांडा येऊन थांबला. त्यात २९ वर्षांचा एक मोरोक्कन होता. नाव अबू अब्दुल्लाह मुहम्मद. जगाला तो इब्न बतूता म्हणून ठाऊक आहे. नदीवर त्याची पहिली गाठ पडली ती सुलतानाच्या बातमी लिहिणाऱ्या कारकुनांशी. आपल्याकडच्या ‘वाकनीस’ या शब्दाच्या मुळाशी जो वाकेनवीस आहे, त्याच जातकुळीचे हे लोक. कोण आला, दिसतो कसा, अंगावर कपडे कसले, बरोबर माणसे किती, गुलाम किती, जनावरे किती, बसतो-उठतो कसा, हे सारे टिपून त्यांनी मुलतानच्या सुभेदाराकडे धाडले. इब्न बतूताने हिंदुस्थान पाहायला सुरुवात करण्याआधी हिंदुस्थानाने त्याला नीट न्याहाळून घेतले होते.

ही खबर दिल्लीला पोचते कशी, याचेच त्याला पहिले नवल वाटले. सिंधमधून दिल्लीची वाट साध्या प्रवाशाला ५० दिवसांची. सुलतानाची डाक मात्र पाच दिवसांत पोचायची. घोड्यांची डाक वेगळी, पायी धावणाऱ्यांची वेगळी, आणि गंमत म्हणजे पायी धावणारेच अधिक वेगवान. एका मैलात त्यांच्या तीन चौक्या. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी आणि काठीच्या टोकाला तांब्याची घुंगरे. घुंगरांचा आवाज कानावर आला की पुढच्या चौकीतला गडी कंबर कसून उभा राहायचा. खुरासानची ताजी फळे याच डाकेने दरबारात यायची. सुलतान दौलताबादेत मुक्कामाला असला की त्याच्या पिण्यासाठी गंगेचे पाणीही असेच यायचे, ४० दिवसांची वाट तुडवून.

इथवर पोचायला त्याला आठ वर्षे लागली होती. जन्म तंजिअरचा, १३०४ सालचा. घराणे काझींचे. २१ व्या वर्षी, जून १३२५ मध्ये, हजसाठी तो एकटाच घराबाहेर पडला. आईवडील दोघेही हयात होते; त्यांना सोडताना काळजाला चरे पडले, हे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. ट्युनिसला काफिला पोचला तेव्हा शहरातले लोक आपापल्या ओळखीच्यांना भेटायला वेशीवर आले. सलाम-दुआ झाल्या, गळाभेटी झाल्या. याला मात्र कुणी विचारले नाही. तरुण मुसाफिर उभ्या जागी रडू लागला. एका हाजीच्या ते लक्षात आले, त्याने जवळ येऊन विचारपूस केली आणि शहरात शिरेपर्यंत त्याला बोलते ठेवले. त्याच ट्युनिसमध्ये त्याला ईद-उल-फित्र लागली. नवे कपडे घालून ईदगाहकडे निघालेली सारी गर्दी अनोळखी. जगभर फिरलेल्या या माणसाच्या आयुष्यातली परमुलखातली ही पहिली ईद.

पुढच्या वर्षीचा रमजान त्याने दमिश्कमध्ये काढला, आणि तो अनुभव अगदी उलट होता. त्या शहरात रमजानमध्ये कुणीही एकट्याने रोजा सोडत नसे. अमीर, काझी, व्यापारी आपल्या दोस्तांना आणि गोरगरिबांना इफ्तारला बोलवत. जे हातावर पोट भरणारे होते ते एखाद्याच्या घरी किंवा मशिदीत जमत, जो तो आपल्या घरचे घेऊन येई आणि मिळून खात. मालिकी पंथाचे एक उस्ताद नूरुद्दीन सखावी यांनी या परक्या मुलाला रोजच्या इफ्तारचे आमंत्रण दिले. चार रात्री तो गेला, मग तापाने अंथरुणाला खिळला. उस्तादांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून बरा केला आणि निघताना वाटखर्चालाही पैसे दिले. माणूस नवख्या मुलखात काय बघतो हे पुष्कळदा त्याआधी त्याला कुठे काय मिळाले यावर ठरते. इब्न बतूता पुढे प्रत्येक देश या दमिश्कच्या मापाने मोजत राहिला. कुणी जेवायला बोलावले, काय वाढले, किती प्रेमाने वाढले, याची नोंद त्याने कधी चुकवली नाही.

हिंदुस्थानचे बीजही त्याच सुमारास पडले होते. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाच्या बुऱ्हानुद्दीन नावाच्या एका सूफीने त्याच्यातली फिरस्त्याची ओढ ओळखली. हिंदमध्ये, सिंधमध्ये आणि चीनमध्ये आपले तीन धर्मबंधू आहेत, भेटलास तर सलाम सांग, असे त्यांनी या पोराला सांगितले. तोवर एवढ्या लांबचा विचार त्याच्या डोक्यातही नव्हता. मग हज झाला, इराक-इराण झाले, येमेन झाले, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे मोगादिशू आणि किलवा झाले, अनातोलिया, कॉन्स्टँटिनोपल आणि तुर्कांचे गवताळ मैदान झाले. एकदा चाललेल्या वाटेने शक्यतो पुन्हा जायचे नाही, हा त्याचा नेम. शेवटी हिंदुकुश ओलांडून तो सिंधूवर उतरला तो मुहम्मद बिन तुघलकाच्या दानशूरपणाची कीर्ती ऐकून. परदेशी विद्वानांना हा सुलतान सोन्याने मढवतो, अशी बोलवा त्या काळी सगळीकडे होती.

सिंधू ओलांडल्यावर बोरूच्या रानात त्याने पहिल्यांदा गेंडा पाहिला. शरीर हत्तीपेक्षा लहान, पण डोके अनेक पटींनी मोठे, अशी त्याची नोंद आहे. एवढे मोठे डोके त्याच्या पाहण्यात नव्हते, म्हणून ते त्याला अधिकच मोठे वाटले असावे. पण जनावरांपेक्षा त्याचे मन खरे रमले ते खाण्यात. मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून वर तूप घालून खातात, तिला किशरी म्हणतात आणि इथली माणसे रोज सकाळी तीच खातात, हे त्याने लिहवून घेतले. ही आपली खिचडी. ती समजावून सांगताना त्याने मायदेशातल्या हरिऱ्याचा दाखला दिला. मगरिबमध्ये जसा हरिरा, तशी हिंदमध्ये ही किशरी. मोरोक्कोत आजही घरोघरी रोजा सोडतात तो हरिऱ्यानेच. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी खिचडीच्या वाफेत त्याला घर आठवले असेल, तर नवल नाही.

आंब्याचे झाड त्याला संत्र्याच्या झाडासारखे वाटले, फक्त मोठे आणि जास्त पानांचे. कच्च्या कैऱ्या मिठात मुरवून ठेवतात आणि जेवणात प्रत्येक घासामागे थोडे थोडे तोंडी लावतात, जसे आमच्याकडे लिंबू मुरवतात, असे तो सांगतो. फणस, जांभूळ, मोहाची फुले, आल्याचे लोणचे, वर्षातून दोनदा येणारी डाळिंबे, काहीच सुटले नाही. नारळाचे तर त्याने माणसाचे डोकेच केले. दोन डोळे, एक तोंड, वर केसांसारख्या शेंड्या आणि आत मेंदूसारखा गर. मुलतानहून दिल्लीकडे जाताना शाही पाहुण्यांच्या पंगतीत त्याने आणखी एक पदार्थ खाल्ला. खिमा, बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा आणि मसाले पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळलेले, नाव समुसक. आज इफ्तारच्या वेळी ज्या टोपलीभोवती गर्दी होते तो सामोसा तेव्हा दिल्लीच्या बड्या लोकांच्या ताटात होता. जेवणाआधी साखरेचे सरबत, जेवणानंतर पान-सुपारी. विड्याची १५ पाने लाल रेशमी धाग्याने बांधून हातात द्यायची, तोवर पाहुण्याने उठायचे नाही.

पण हा मुलूख फक्त तुपाचा आणि आंब्याचा नाही, हेही पहिल्या काही आठवड्यांतच त्याच्या डोळ्यांसमोर आले. सेहवानला तो एका मदरशात उतरला होता. उकाडा भयंकर, म्हणून गच्चीवर झोपला. रात्री जाग आली तर समोरच्या तटावर काहीतरी लोंबत होते. थोड्याच दिवसांपूर्वी तिथे बंड झाले होते. पकडलेल्या बंडखोरांची कातडी सोलून, त्यात पेंढा भरून ती भिंतीवर टांगलेली होती. पाहून त्याचे अंग शहारले. दुसरी गच्ची शोधणे शक्य नव्हते, म्हणून त्याने मदरसाच सोडला. पुढे अबोहर सोडल्यावर मैदानात लुटारूंनी गाठले. बाण अंगाला चाटून गेले, तो वाचला, आणि मारल्या गेलेल्या लुटारूंची मुंडकी जवळच्या किल्ल्यावर लटकवण्यात आली. अमझरी नावाच्या गावी त्याने तीन विधवांना सती जाताना पाहिले. ढोल-नगारे वाजत होते, त्या नटूनथटून घोड्यावरून आल्या होत्या. ही प्रथा सक्तीची नाही, पण जी सती जात नाही तिला घरात मान राहत नाही, हे त्याने बारकाईने विचारून घेतले. ज्वाला उठल्यावर मात्र त्याला ते बघवेना. घोड्यावरून तो कोसळणारच होता. सोबत्यांनी सावरले, तोंडावर पाणी मारले आणि त्याला तिथून दूर नेले. तटावरची कातडी त्याच्याच धर्माच्या सुलतानाच्या हुकमाने टांगली होती आणि चिता दुसऱ्या धर्माच्या लोकांनी रचली होती. दोन्हीकडून त्याने तोंड फिरवले आणि दोन्हींची नोंद केली.

मुलतानला त्याच्यासमोर वेगळाच पेच उभा राहिला. हिंदमध्ये राहायला आलात तर पुढे जा, नुसते फिरायला आलात तर परत फिरा, असा सुलतानाचा नियम. काझी आणि साक्षीदारांसमोर मुक्कामाचा करार लिहून द्यावा लागे. काही सोबत्यांनी नकार दिला. इब्न बतूताने सही केली. दुसरी अडचण नजराण्याची. सुलतान दिलेल्या भेटीच्या कितीतरी पट परत देतो हे सर्वांना माहीत असल्याने सिंधचे व्यापारी येणाऱ्या पाहुण्यांना हजारो दिनार उसने देत, घोडे-उंट पुरवत आणि मग बिदागी मिळाली की वसुली करत. त्यानेही गझनीला एका इराकी व्यापाऱ्याकडून ३० घोडे आणि बाणांनी लादलेला एक उंट घेतला. मुलतानच्या सुभेदाराला त्याने एक गुलाम, एक घोडा, मनुके आणि बदाम दिले. गुलाम आणि मनुके त्याने एकाच दमात सांगितले आहेत. त्या काळाची ती रीत होती हे खरे, पण लोकांच्या चालीरीतींकडे इतक्या जागरूकपणे पाहणाऱ्या माणसाला ही एक गोष्ट कधी खटकली नाही, हेही तितकेच खरे.

दिल्लीत आल्यावर त्याला कळले की या राज्यात परदेशी माणसाला परका म्हणायची बंदी आहे. सुलतानाचे फर्मानच होते: बाहेरून आलेल्याला अझीझ म्हणावे, म्हणजे प्रिय, सन्माननीय. परका हा शब्द कानावर पडला तर माणसाचे मन खचते, त्याला आपले एकटेपण आठवते, असे सुलतानाचे म्हणणे. ट्युनिसच्या वेशीवर रडलेल्या मुलाला हे किती लागले असेल!

सुलतान त्या वेळी शहराबाहेर होता. पाहुण्यांची सरबराई त्याची आई मखदूमा जहाँ आणि वजीर करत होते. अशात, दिल्लीत येऊन दीड महिनाही झाला नसेल, इब्न बतूताची वर्षाच्या आतली मुलगी वारली. वाटेवरच जन्मलेले लेकरू. परक्या शहरात, जिथे धड भाषाही येत नाही, तिथे बापाने काय करावे? वजिराला निरोप गेला आणि सूत्रे त्याच्या हातून निघून आपोआप हलू लागली. एका दर्ग्याजवळ दफन झाले. तिसऱ्या दिवशी पहाटे सरकारी माणसांनी कबरीभोवती गालिचे अंथरले, कबरीवर रेशमी वस्त्र घातले आणि त्यावर फुलांची रास केली. संत्र्या-लिंबांच्या फळांनी भरलेल्या फांद्या आणल्या, सुका मेवा आणि नारळ ठेवले. कुराणाच्या प्रती वाटल्या, पठण झाले, मग जमलेल्यांवर गुलाबपाणी शिंपडले आणि पान दिले. मखदूमा जहाँने मुलीच्या आईला महालात बोलावून घेतले आणि दुसऱ्या दिवशी कपडे, दागिने, पैसे देऊन परत पाठवले.

महाराष्ट्रातल्या मुसलमान घरांत तिसऱ्या दिवशी जियारत होते, तिची फुले आणि गुलाबपाणी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. मोरोक्कोच्या माणसाला ते नवे होते, म्हणून तर त्याने फुलाफुलाची नोंद ठेवली. धर्म एक, कलमा एक, कुराणाचे शब्द तेच. पण मुलूख बदलला की शोक करायची रीत बदलते. हे त्याला कुणा उलेमाने शिकवले नाही. स्वतःच्या मुलीच्या कबरीशी उभे राहून तो शिकला.

सुलतान परतल्यावर त्याला दिल्लीचा काझी नेमण्यात आले. पगार वर्षाला १२,००० दिनार. त्याने अडचण सांगितली. तो मालिकी, इथले लोक हनफी. शिवाय फारसी त्याला धड येत नव्हती. सुलतानाने त्याच्या हाताखाली दोन जाणकार दिले आणि सही तेवढी याची ठेवली. त्याचा खर्च मात्र पगाराच्या कितीतरी पुढे धावला. व्यापाऱ्यांचे कर्ज ५५,००० दिनारांवर गेले आणि सावकारांनी दरबाराच्या दारात त्याला अडवेपर्यंत वेळ आली. सुलतानाने ते फेडले. दुष्काळ पडला तेव्हा कुत्बुद्दीन मुबारकशहाच्या मकबऱ्याची व्यवस्था त्याच्याकडे होती. तिथल्या लंगरात ठरलेल्यापेक्षा जास्त अन्न शिजवून त्याने भुकेल्यांना खाऊ घातले.

ज्या हातातून दिनार मिळत, त्याच हाताची दुसरी बाजू तो रोज बघत होता. महालाच्या दारात देहदंड मिळालेल्यांची प्रेते पडलेली असत. एके दिवशी ती वेळ त्याच्यावर आली. शिहाबुद्दीन नावाचे एक फकीर दिल्लीबाहेर गुहा खणून राहत. सुलतानापुढे ते झुकत नव्हते. इब्न बतूता केवळ ती गुहा बघायला म्हणून त्यांना भेटून आला होता. शेखना पकडल्यावर त्यांना भेटलेल्यांची यादी निघाली आणि याच्याभोवती चार पहारेकरी बसले. अशा पहाऱ्यातून माणूस सहसा जिवंत सुटत नसे. त्याने पाच दिवस सलग रोजा धरला, मध्ये फक्त पाणी. अल्लाह आम्हाला पुरेसा आहे, या अर्थाची दुआ पहिल्याच दिवशी तेहतीस हजार वेळा म्हटली. कुराण रोज एकदा पुरे करायचे. शेखना ठार मारण्यात आले, हा सुटला. सुटल्यावर काझीपण सोडले, जवळचे होते ते वाटून टाकले, फकिराशी कपडे बदलले आणि कमालुद्दीन नावाच्या, गुहेत राहणाऱ्या दुसऱ्या एका साधुपुरुषाजवळ पाच महिने राहिला. मुलतानला दिलेला मुक्कामाचा करार किती महाग आहे, हे आता त्याला कळले होते. अझीझ या शब्दाला दार होते, पण ते आत येण्याचेच.

बाहेर पडण्याची वाट सुलतानानेच उघडली. चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून जाण्यासाठी त्याला बोलावणे आले. तांडा दिल्लीहून निघून कोल, म्हणजे आजचे अलीगढ, इथे पोचला आणि तिथल्या चकमकीत तो एकटा पडला. पकडला गेला, अंगावरचे कपडे गेले, सुटका झाल्यावर काट्याकुट्यांतून, ओसाड विहिरींजवळून सात दिवस भटकला. पायात जोडा नाही, पोटात अन्न नाही. आठव्या दिवशी हातात काठी आणि खांद्यावर झोळी घेतलेला एक सावळा माणूस समोर आला आणि त्याने सलाम केला. झोळीतले चणे आणि थोडे तांदूळ खायला दिले. नाव विचारल्यावर कळले, आनंदी हृदय, फारसीत दिलशाद. याला चालवेना, तेव्हा त्या माणसाने त्याला खांद्यावर घेतले. डोळा लागला, जाग आली तेव्हा तो एका गावात जमिनीवर होता आणि दिलशाद कुठेच नव्हता. इजिप्तमध्ये एका वलीने वर्षांपूर्वी सांगितले होते की हिंदमध्ये दिलशाद तुला संकटातून सोडवील. इब्न बतूताने याला करामत मानले. ज्यांना ती मानायची नसेल, त्यांच्यासाठी एवढे तरी उरतेच की कुणा अनोळखी वाटसरूने उपाशी माणसाला आपले चणे दिले आणि त्याला पाठीवर वाहून नेले.

मग ग्वाल्हेर, चंदेरी, धार, उज्जैन करत तो दौलताबादला आला. देवगिरीचा उभा कातळ, त्यावर चढायची कातड्याची शिडी, रात्री ती वर ओढून घेण्याची पद्धत, अंधारकोठडीतले मांजरांनाही भारी पडणारे उंदीर, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा तरबाबाद नावाचा बाजार, हे सगळे त्याच्या वर्णनात आहे. इथल्या मराठा लोकांची त्याने नावानिशी दखल घेतली. मराठी स्त्रियांच्या सौंदर्याचे, विशेषतः नाक आणि भुवयांचे, त्याने कौतुक केले. इथले बडे जवाहिरे स्वतःला साह म्हणवतात, हेही सांगितले. नंदुरबारला कसबी कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी भेटले. ही माणसे भात, भाज्या आणि तिळाचे तेल खातात, प्राण्यांना इजा करणे त्यांना आवडत नाही, दारू पीत नाहीत, सात पिढ्यांच्या आतल्या नात्यात लग्न करत नाहीत, आणि जेवणाआधी अंघोळ करतात. ती अंघोळ समजावून सांगायला त्याने उपमा दिली गुस्लची, म्हणजे मुसलमानांच्या शुद्धीच्या स्नानाची. दुसऱ्याच्या धर्मातली गोष्ट सांगायला त्याच्याजवळ स्वतःच्याच धर्मातला शब्द होता. तो त्याने वापरला आणि कुणाचा अपमान झाला नाही.

कधी कधी ही सवय त्याला फसवतही असे. गोव्याला त्याच्या लेखी नाव सिंदाबूर. त्याच्याजवळच्या एका लहान बेटावर, देवळाच्या भिंतीला टेकून बसलेला एक योगी त्याला भेटला. योग्याने अन्न नाकारले, पैसे नाकारले, एक शब्द बोलला नाही. आधी आकाशाकडे आणि मग पश्चिमेकडे बोट केले. पश्चिमेला किब्ला, तेव्हा हा मनाने मुसलमानच असणार, असा इब्न बतूताने निष्कर्ष काढला. पश्चिमेला समुद्रही होता आणि मावळणारा सूर्यही. पण स्वतःच्या दिशेनेच जग बघणे माणसाला सुटत नाही. दिल्लीचा लोहस्तंभ सात धातूंचा आहे, असे त्याला सांगण्यात आले, तेही त्याने तसेच मानले.

होन्नावरला मुलींच्या १३ आणि मुलांच्या २३ शाळा पाहून तो चकित झाला. तिथल्या स्त्रियांना कुराण तोंडपाठ होते. तिथल्या सुलतानाकडे तूप-भात, लोणची, मासळी आणि शेवटी दही, असे जेवण त्याने महिनोन्‌महिने जेवले. भाकरी-रोटीचे तोंड ११ महिने पाहिले नाही, ही त्याची तक्रार होती. कालिकतच्या किनाऱ्यावर वादळात चीनला न्यायच्या भेटींचे जहाज फुटले. तो जुम्याच्या नमाजासाठी किनाऱ्यावर थांबला होता, म्हणून वाचला. दिल्लीला परत जायची हिंमत झाली नाही. मग मालदीवमध्ये काझीपण, बंगाल, सुमात्रा, चीन.

१३४९ मध्ये तो मोरोक्कोला परतला तेव्हा प्लेगने अर्धे जग रिकामे केले होते. वडील कधीच गेल्याचे वाटेत दमिश्कमध्ये समजले होते. आई काही महिन्यांपूर्वी त्याच साथीत गेली होती. २४ वर्षांनी घरी आलेल्या मुलाला अखेर फक्त तिची कबर बघायला मिळाली. तरी पाय थांबले नाहीत. १३५२ मध्ये सहारा वाळवंट ओलांडून तो मालीला गेला. तिथल्या सुलतानाकडून मेजवानी येणार म्हणून तयार होऊन बसला, तर आल्या तीन भाकऱ्या, तळलेल्या मांसाचा तुकडा आणि भोपळ्याच्या भांड्यात दही. तो हसला, पण आतून चिडला. दिल्लीने त्याला अझीझपणाची खोड लावली होती. रमजान लागल्यावर त्याने दरबारात उभे राहून सुलतानाला सुनावले की चार महिने झाले, अजून तुझ्याकडून काही मिळाले नाही. दुसऱ्या राजांना तुझ्याबद्दल मी काय सांगू? घर मिळाले, खर्च मिळाला आणि रमजानच्या २७ व्या रात्री काझी-फकिहांबरोबर त्यालाही सोने मिळाले.

पुढे मोरोक्कोच्या सुलतानाच्या सांगण्यावरून इब्न जुझय्य या लेखकाला त्याने सारी सफर सांगितली. ते काम डिसेंबर १३५५ मध्ये संपले. फेजच्या दरबारात मात्र पुष्कळांना हा माणूस थापाड्या वाटायचा. डाकेने येणारे गंगेचे पाणी, हत्तींवरून प्रजेत उधळले जाणारे दिनार, हे खरे कसे मानायचे? तरुण इब्न खलदूनलाही शंका आली आणि त्याने ती वजिराजवळ बोलून दाखवली. वजिराने त्याला एक गोष्ट सांगितली. एका वजिराला कैदेत टाकले, सोबत लहान मुलगा होता. मुलगा कोठडीतच वाढला. ताटात मांस आले की तो विचारी, हे कशाचे? बाप सांगे, मेंढीचे. मेंढी कशी असते? बाप चार पाय, लोकर, शेपूट असे सारे वर्णन करी. मुलगा नीट ऐकून घेई आणि विचारी, म्हणजे उंदरासारखी का? बाप सांगून दमे, आणि गाईचे, उंटाचे मांस आले की मुलाचा पुन्हा तोच प्रश्न. त्या कोठडीत त्याने दुसरे जनावर कधी पाहिलेच नव्हते.